माहेरच्या फाइली

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि आपण घर बदलतो आहोत अशी कल्पना करा. टेम्पो दाराशी उभा आहे, ड्रायव्हर घाई करतो आहे, आणि तुमच्याकडे काम आहे कुकर नेण्याचं. तुम्ही भांडं उचललं, झाकण उचललं, मांडणीवरची शिट्टीसुद्धा आठवणीनं खिशात टाकली. नव्या घरी आई तांदूळ धुते, कुकर लावायला जाते आणि बघते तर रिंग नाही. रिंग जुन्या घरी फ्रीजच्या दारात राहिली, आणि फ्रीज तर घरमालकाचा. भांडं आहे, झाकण आहे, शिट्टी आहे, भात मात्र शिजत नाही.

काय चुकलं? तुम्ही वस्तू निवडल्या. निवडायचा होता गट.

संगणकाचंही असंच असतं. एका कोठारातल्या फाइलींच्या प्रती दूरच्या दुसऱ्या कोठारात न्यायच्या असतात, तेव्हा एकेक फाइल सुटी उचलून भागत नाही. ज्या फाइली एकमेकींवाचून निकामी होतात त्यांचा गट बांधायचा आणि तो एका वेळी, अख्खा न्यायचा. कोणती फाइल कोणत्या गटात आणि कोणते गट न्यायचे, हे यंत्र आपल्या मनानं ठरवत नाही. त्याला नियम द्यावा लागतो, आणि तो नियम कुणीतरी माणूस लिहितो.

आता डोळे उघडा. असा नियम लिहिणाऱ्या माणसाला एक मुलगी होती. तिचं नाव केतकी.

केतकी खाडे वडूजला राहायची. गावाबाहेरच्या माळावर, जिथे पूर्वी मेंढरं चरायची, तिथे स्मृतिसेवा नावाच्या संस्थेचं नवं कोठार उभं राहिलं होतं. त्याच्या भोवती सौरपाट्यांच्या रांगा होत्या. केतकीचे बाबा, निरंजन, तिथेच कामाला होते. संस्थेचं जुनं कोठार देवगडला समुद्रकाठी होतं, कारण यंत्रं थंड ठेवायला समुद्राचं पाणी फुकट मिळायचं. पण समुद्र दरवर्षी थोडा वर येत होता. उधाणाचं पाणी एकदा यंत्रांच्या खोलीच्या पायरीला लागलं, आणि सगळं वडूजला हलवायचं ठरलं.

त्या कोठारात काय होतं, ते केतकीच्या आईच्या कानामागे बघितलं की कळायचं. तिथे एक पातळ पट्टी चिकटवलेली असायची. केतकी पहिलीत होती तेव्हा आईला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण तिच्या आठवणी विस्कटल्या. डॉक्टर म्हणाले होते, "आठवणी गेलेल्या नाहीत. त्यांच्यापर्यंत जायची वाट बुजली आहे." पट्टी ती वाट दाखवायची. समोर एखादा चेहरा आला, एखादा वास आला, की पट्टी कोठाराला विचारायची. कोठारात आईचे जुने व्हिडिओ होते, आवाज होते, शाळेतले फोटो होते, वर्षानुवर्षांचे निरोप होते. त्यातलं नेमकं काय ते ओळखून पट्टी मेंदूला हलकासा इशारा करायची, आणि मेंदू आपली आठवण आपणच शोधून काढायचा. एखादा शब्द जिभेवर घोळत असतो, कुणी त्याचं पहिलं अक्षर सांगितलं की तो येतो, तसं. पहिलं अक्षर सांगणारं कुणी नसेल, तर शब्द येत नाही.

अशा पट्ट्या राज्यभर पुष्कळ लोक वापरत. त्यांतले बरेचसे म्हातारे. त्यांच्या घरातल्या मुलांचा दर रविवारी फोनवर एक वर्ग असे. पट्टी कशी पुसायची, आजीशी बोलताना घाई कशी करायची नाही, असं बरंच काही तिथे शिकवत. केतकीची मनवाशी ओळख तिथलीच. मनवा भंडाऱ्याची. तिची आजी पट्टी वापरायची.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बाबा जेवताना खुशीत होते.

"माझा नियम पास झाला," ते म्हणाले. "एका ओळीचा नियम आहे. कदम मॅडम म्हणाल्या, इतका स्वच्छ नियम कुणी लिहिला नव्हता."

"काय आहे?" केतकीनं विचारलं.

"आजचं नाव, आजचं कुटुंब. प्रत्येक पट्टीवाल्याचं आजचं नाव घ्यायचं, त्या नावाखाली जे जे आहे त्याचा गट बांधायचा आणि न्यायचा. देवगडला फार कचरा साठलाय गं. बंद पडलेली खाती, कुणाची ते माहीत नसलेली. ते कशाला न्यायचं?"

"आणि उरलेलं?"

"भाऊबीजेच्या दिवशी देवगडची तार तोडायची आणि दिवेलागणीला पुसायला घ्यायचं. पुसणारा प्रोग्रॅम देशपांड्यांनी लिहिलाय. त्यात त्यांनी पंगतीचा नियम घातलाय."

"म्हणजे?" आईनं विचारलं.

"पंगतीत एक जरी माणूस जेवत असला तरी कुणी उठत नाही ना? तसं. गटातली एक जरी फाइल कुणी उघडून बसलं असेल, तर त्या अख्ख्या गटाला हात लावायचा नाही."

"बरे आहेत देशपांडे," आई हसली. "तुम्ही मात्र ताटावरून उठता फोन आला की."

भाऊबीजेच्या सकाळी केतकी उठली तेव्हा आई फळीवरची एक बरणी हातात घेऊन उभी होती.

"अहो, हे काळंकाळं काय आणून ठेवलंय?" तिनं बाबांना विचारलं. "वास आंबट येतोय."

बाबा दाढी करत होते. "अगं, कोकमाची सोलं आहेत. तुझ्या आवडीची."

"माझ्या?" आईनं बरणी पुन्हा हुंगली आणि ओट्याच्या कडेला ठेवून दिली.

केतकीला वाटलं, आई चेष्टा करते आहे. आई तर सोलकढी केल्याशिवाय रविवार मानायची नाही. पण करंज्यांचा डबा उघडला गेला आणि केतकी ती गोष्ट विसरून गेली.

दुपारी जेवणवेळेला दारात गाडी थांबली. सत्यवानमामा देवगडहून पहाटे निघाला होता. एका हातात मालवणी खाज्याची पिशवी, दुसऱ्या हातात चपला, कारण पट्टा घाटातच तुटला होता. तो उंबऱ्यावरूनच ओरडला, "काय गो कोमू, भाऊ इलो तरी तू आपली आतच?"

आई बाहेर आली. ओवाळणीचं तबक तिनं सकाळीच भरून ठेवलं होतं, कारण बाबांनी ठेवायला सांगितलं होतं. तिनं मामाकडे बघितलं. मग दारावरच्या पाटीकडे बघितलं.

"आपण कुणाकडे आलात?" तिनं विचारलं.

मामा हसला. "मस्करी पुरे झाली. पाणी दी आधी."

"पाणी देते. पण आपण कोण?"

"अगो, मी सत्या."

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. परक्या माणसासमोर करायची तसा. केतकीनं तो हात बघितला.

"अहो," आईनं आत हाक मारली, "कुणीतरी आलंय. कोमू म्हणून कुणाला तरी शोधतायत."

मामाच्या हातातली पिशवी खाली टेकली. खाज्याचे तुकडे फरशीवर घरंगळले. कुणी ते उचलले नाहीत. बाबा बाहेर आले, त्यांनी मामाकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"हिका काय झाला ओ, भावोजी?" मामानं हळू आवाजात विचारलं. "पट्टी पडली काय?"

पट्टी जागच्या जागी होती. तिच्यावरचा बारीक हिरवा दिवा लागलेला होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

बाबांनी आईला पाटावर बसवलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली. केतकीचा वाढदिवस? तो सांगितला. वडूजला कधी आलो? तेही सांगितलं. लग्नातलं जेवण कसं होतं? "मठ्ठा कमी पडला होता," आई म्हणाली, आणि हसली. लग्नाच्या आदल्या दिवशी तू कुठे होतीस?

आईनं आठवून बघितलं.

"कुठे होते?" तिनं उलट विचारलं.

"तुझी शाळा कोणती? पोहायला कुणी शिकवलं?"

"मला पोहता येतं?"

मामा भिंतीला टेकून खाली बसला. लहानपणी खाडीत तिनंच त्याला बुडताना केसांना धरून ओढलं होतं. ती गोष्ट तो दर भाऊबीजेला सांगायचा आणि ओवाळणीत जास्तीची एक नोट घालायचा.

बाबा संगणकापाशी गेले. केतकी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांनी आईचा गट उघडला. आर्या निरंजन खाडे. सगळं जागेवर होतं. लग्नाचे व्हिडिओ, केतकीचं बारसं, वडूजचं घर. गटाच्या तळाशी एक दुवा होता. दुवा म्हणजे वस्तू नव्हे. दुवा म्हणजे वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगणारी चिठ्ठी. बाबांनी त्याच्यावर बोट ठेवलं. पडद्यावर कोरी चौकट आली.

"चिठ्ठी आली," बाबा पुटपुटले. "वस्तू नाही आली."

"का नाही आली?"

बाबांनी उजव्या हाताची तर्जनी टेबलावर हलकेच फिरवली, जणू काही लिहीत होते.

"लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तुझ्या आईचं नाव लिहिलं मी," ते म्हणाले. "आर्या. मीच शोधलं होतं ते नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसानंतर मी तिला दुसऱ्या नावानं कधी हाकच मारली नाही. तिच्या माहेरच्या फाइली कोमल सहदेव धुरी या नावाखाली आहेत. ज्याची पहिली ओळख माहेरची, त्याची खूण पट्टी तिथेच शोधते, मग तो दरवर्षी भेटत का असेना. माझा नियम म्हणतो, आजचं नाव. कोमल सहदेव धुरी या नावाचं आज कुणीही नाही. म्हणून तो कचरा ठरला."

"पण तपासलं होतं ना सगळं?"

"तपासलं. जेवढं निवडलं तेवढं पोचलं का, हे तपासलं. तंतोतंत पोचलं. म्हणून दिवा हिरवा आहे." त्यांनी डोळे चोळले. "जे निवडलंच नाही, ते पोचलं का, असं कोण विचारणार, केतकी?"

केतकीला एकदम दुसरंच दिसलं. आज भाऊबीज. राज्यभर अशीच दारं उघडत असतील. पांढऱ्या केसांचे भाऊ काठी टेकत येत असतील, आणि बहिणी पदर सारखा करून विचारत असतील, आपण कोण? प्रत्येक घराला वाटत असेल, आजीचं आज जरा बिनसलंय, उद्या बरं होईल. उद्या पुसून झालेलं असेल.

बाबांनी कदम मॅडमना फोन लावला. मॅडम त्यांच्या वरच्या अधिकारी. मागे फटाके वाजत होते.

"निरंजन, सणाच्या दिवशी?"

"मॅडम, पुसणं थांबवा. माझा नियम चुकला आहे. लग्नात ज्यांची नावं बदलली, त्या सगळ्या बायकांची लग्नाआधीची वर्षं देवगडला राहिली आहेत."

"असं कसं? माझी आई पट्टी वापरते. सकाळीच बोलले मी तिच्याशी. छान आहे ती."

"त्यांना तुमच्या मामांबद्दल विचारा."

"निरंजन, तुम्ही फार ताण घेताय. तुमच्या घरी काही झालं असेल तर तेवढं आपण सुट्टीनंतर—"

"मॅडम, आधी विचारा. मी फोन धरून थांबतो."

फोनमधून चपलांचा आवाज ऐकू आला, मग लांबून दोन बायकांचं बोलणं. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"ती म्हणाली, मला भाऊ नव्हताच. अहो, तिनं वाढवलंय त्याला, निरंजन. आईविना पोरगा. पाठुंगळीला घेऊन शाळेत जायची ती."

पुसणं थांबवायला दोन अधिकाऱ्यांच्या किल्ल्या लागत. एक मॅडमकडे होती. दुसरी ज्यांच्याकडे होती ते साहेब कुटुंबासह हिमालयात फिरायला गेले होते, आणि त्यांचा फोन लागत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "मी प्रयत्न करत राहते. तुम्ही देवगडला कुणी सापडतं का बघा." देवगडच्या कोठारात त्या दिवशी माणूस नव्हता. फक्त यंत्रं होती, आणि ती वेळेची फार पक्की होती.

केतकी आईजवळ येऊन बसली. आई मामाला चहा देत होती. पाहुण्याला द्यावा तसा, बशीसकट.

"आई, तुला काही हरवल्यासारखं वाटतंय का गं?"

आईनं खरंच विचार केला. "नाही बाळा," ती म्हणाली. "सगळं तर आहे. तू आहेस, बाबा आहेत." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "ते गृहस्थ का रडतायत?"

त्या दुपारी केतकीला सगळ्यांत मोठा धक्का बसला तो या शब्दांनी. आईला दुखत नव्हतं. दुखायला जी जागा लागते तीच शिल्लक नव्हती.

ती धावत बाबांकडे गेली. "बाबा, पंगतीचा नियम."

बाबांनी तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही म्हणालात ना, एक फाइल उघडी असली तर अख्खा गट वाचतो. देवगडचं काही उघडतं का अजून?"

"पट्टीची तार तोडली आहे," बाबा म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांचे हात चालू लागले. "पण घरच्या माणसांना जुने फोटो बघायला एक दार ठेवलेलं असतं. ते शेवटी बंद होतं, पुसताना." त्यांनी टॅबलेट ओढला आणि नाव लिहिलं. कोमल सहदेव धुरी. आपल्या बायकोचं ते नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं असावं. दुसऱ्या अक्षरापाशी बोट अडखळलं.

व्हिडिओ उघडला. खाडीचा काठ, दुपार. केतकीच्याच वयाची एक मुलगी, पुढचा दात पडलेला, फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजलेला. ती एका लहान पोराच्या मागे धावत होती आणि ओरडत होती, "सत्या, माझो मासो दी. सांगतंय आवशीक."

मामा उठून जवळ आला. त्यानं तोंडावर हात धरला.

आईही आली. ती वाकून बघत राहिली.

"गोड आहे मुलगी," ती म्हणाली. "आपल्या केतकीसारखी दिसते. कुणाची?"

बाबांनी टॅबलेट चार्जरला लावला आणि दोन्ही हातांनी टेबलावर नीट ठेवला, काचेचं भांडं ठेवावं तसा.

"हे चालू राहू दे. संपलं की पुन्हा सुरू करा," ते मामाला म्हणाले. "बंद झालं नाही तर आपला गट वाचेल. सुट्टीनंतर मी तो हातानं वडूजला आणतो. पट्टीला रस्ता सापडेल. तुमची बहीण परत मिळेल तुम्हाला." ते खुर्चीत बसले. "आपल्यापुरतं तरी झालं."

"आणि मनवाची आजी?"

बाबांनी चार्जरची वायर पुन्हा घट्ट बसवली.

"मनवाच्या आजीचं उघडा ना तुम्ही. सगळ्यांचं उघडा."

"मला उघडता येत नाही, केतकी. ज्याच्या घरचं त्यालाच ते दार उघडतं. आणि उघडायला जुनं नाव लागतं. चिठ्ठीवर नुसती जागा असते, नाव नसतं, तोच तर घोळ आहे. ती नावं फक्त त्या त्या घरातल्या माणसांना माहीत." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "आणि त्या माणसांना अजून कळलेलंच नाही की काही गेलंय. मॅडम सगळ्यांना निरोप धाडतायत. पण सणाच्या दिवशी संस्थेचा निरोप कोण वाचतं? सगळे समजतात, शुभेच्छा असतील."

माळावरच्या सौरपाट्या सूर्याच्या मागे मान वळवता वळवता पश्चिमेला आल्या होत्या. त्यांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. ओवाळणीचं तबक तसंच होतं. निरांजनातली वात अजून कोरडी, पांढरी.

मुलांनो, केतकी काय करू शकत होती? तिच्याजवळ किल्ली नव्हती. तिला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. आपला गट तर वाचला होता. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो दात पडलेला व्हिडिओ बघत बसली असती, तरी तिला कुणी नावं ठेवली नसती.

तिनं बाबांचा फोन उचलला आणि रविवारच्या वर्गातल्या मुलांचे नंबर उघडले.

"मनवा, मी केतकी. आधी ऐक. तुझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

"अगं, काय मधेच? आम्ही ओवाळतोय. आज आजी कशी तरीच करतेय, मोठ्या आजोबांना, तिच्या सख्ख्या भावाला, ओळखतच नाहीये. थांब, तिलाच विचारते."

"तिला नको विचारूस," केतकी म्हणाली. "तिला माहीत नसेल. मोठ्या आजोबांना विचार. जुने फोटो बघायच्या दारातून त्या नावाची कुठलीही एक फाइल उघडून ठेव, बंद करू नकोस. मग तुझ्याकडे ज्यांचे नंबर आहेत त्यांना हेच विचार."

पलीकडे लांबून मनवाचा आवाज आला, "मोठे आजोबा, आजीचं माहेरचं नाव सांगा ना, पूर्ण." आणि एक म्हातारा माणूस, खूप दिवसांत न उच्चारलेलं एक नाव, एकेक शब्द सुटा करून सांगू लागला.

केतकीनं ते संपेपर्यंत ऐकलं नाही. तिनं पुढचा नंबर लावला.